फादरांची चूल

वर्धा जिल्ह्यात आमच्या फादरांइतका वाईट गवंडी दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतका हौशीही नाही. माणूस केरळचा, पण वऱ्हाडी अशी बोलायचा की हिंगणघाटच्या बाजारात माझ्यासारख्या मुरलेल्या किराणावाल्यालाही भावात नमवून जायचा. तिखट मुळीच सोसायचं नाही, तरी कुणाच्याही घरी तर्री पुढे आली की डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना "आनखी वाढ, माय" म्हणायचे.

नव्वदच्या दशकातल्या एका पावसाळ्यात नदी काठच्या गावात शिरली. गावात ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याइतकी, पण फादरांच्या चर्चने छपराला टिनं, बल्ल्या आणि गवंडी सगळ्यांनाच दिले. भिंती गवंड्यांनी उभ्या केल्या. चूल मात्र प्रत्येक घरी फादर स्वतः घालायचे, झगा कमरेला खोचून. "चूल पेटली म्हंजे मानूस घरी आला," असं त्यांचं म्हणणं. त्यांची चूल एका बाजूला कलंडलेली, थकल्या बैलासारखी. बायका तोंडावर पदर धरून हसायच्या आणि त्यांची पाठ फिरली की मोडून नवी घालायच्या. मीही मदतीला गेलो होतो. माझी चूल बघून तेच फादर म्हणाले, "भाऊ, तू आपला गूळच इक."

शांताबाई नावाची एकटी विधवा मात्र पुरात आसऱ्याला आलेली, ती चर्चच्या हॉलमधून हलेना. छातीपर्यंत चढलेलं पाणी तिने त्याच घरात पाहिलं होतं. "लेकीकडे नागपूरले जातो. आता त्या घरात पाय नाई ठेवत," म्हणायची, आणि जावयाच्या दारी जन्म कसा काढायचा म्हणून रडायचीही. फादरांनी समजूत घातली नाही. "जाजो ना माय. भांडे तं घेऊन घे," म्हणत तिला घरी नेलं. ओझं उचलायला मागून मी. आत फादरांनी घातलेली चूल होती, तोंड भिंतीकडे.

शांताबाई उंबरठ्यावरूनच बघत राहिली.

"काऊन जी फादर, भिंतीत घुसून सैपाक करू का मी?"

"तिकडून हवा लागत नाई, माय."

"अन् मी कुठं बसू? तुमच्या डोक्यावर?"

तिने पदर खोचला, आत आली आणि चूल मोडली. मला मातीत कालवायला कुटार, म्हणजे भुसा, आणायला पिटाळलं, फादरांना पाण्याला. नवी चूल लिंपून झाल्यावर मी नागपूरच्या एसटीची आठवण दिली, तर माझ्यावरच उखडली. "ओली चूल टाकून कशी जाऊ? भेगा पडतीन. कुत्रं बसन त्यात." मग चूल वाळायची होती, मग पेटवून बघायची होती. ती नागपूरला गेली दिवाळीत, पाहुणी म्हणून.

"मुद्दामच उलटी घातली ना?" मी फादरांना विचारलं. त्यांचा चेहरा उतरला. "उलटी कुठं होती? चांगली तं होती."

पुढे त्यांची बदली झाली, कुठे दूर. आता टीव्हीवर एखाद्या गावात पाणी शिरलेलं दिसलं की मी बायकोला म्हणतो, "फादर पोचले असतील." आणि डोळ्यांपुढे येते कुणीतरी अनोळखी माय, पुटपुटत त्यांची चूल मोडायला बसलेली.