सासूबाईंच्या कासवाची पाठ

आमच्या घरात शाईने लिहिणारं कोणी नाही, आणि शाईच्या दौती आहेत चौसष्ट. बेडूक, घुबडं, कुत्री, एक बसलेलं अस्वल, अशा आकारांच्या. सगळ्या इथल्याच, ओहायोच्या जुन्या कुंभारभट्ट्यांतल्या. गोळा करतो माझा नवरा डेल्बर्ट, धूळ पुसते मी. माझे गुडघे गेले, पण त्याचा रविवारचा जुना बाजार काही सुटत नाही.

त्याला खरं तर एकच दौत हवी आहे. माझ्या सासूबाई, हॅटी, इथल्या कारखान्यात भांडी रंगवायच्या. जेवणाच्या सुट्टीत उरलेल्या मातीचं स्वतःसाठी काहीबाही करायची तिथे मुभा असायची. तसं त्यांनी एक कासव केलं. पोटात शाई, पाठ म्हणजे झाकण, झाकणाच्या आत त्यांच्या अंगठ्याचा ठसा. त्या गेल्या आणि पाठ राहिली, कासव गायब झालं.

गायब कसलं! मीच चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीला देऊन टाकलं. पाठ खिडकीत उताणी पडलेली, तिच्यात आम्ही किल्ल्या ठेवायचो. खालचा भाग मला बाई राखदाणी वाटला. डेल्बर्ट घरभर शोधायला लागला तेव्हा माझी जीभच रेटली नाही. एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी गाडी मी चालवते. देवाला म्हणते, सापडू दे रे बाबा. आणि लगेच म्हणते, नको, कारण त्याच्या बुडाला मी विक्रीसाठी चिकटवलेली, माझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे. दमले मी.

गेल्या रविवारी मैदानावर ऊन नुसतं भाजत होतं. दुकानवाल्या ओमाने नेहमीसारखं छेडलं, "काय डेल्बर्ट, पाठीला पोट मिळालं का?"

"तुझ्याकडे असेल तर काढ की!"

तिने खोक्यातून काहीतरी काढलं. "हे बघ. राखदाणी असावी."

डेल्बर्टने खिशातल्या मोज्यातून पाठ काढली आणि ठेवली. बसली. चपखल बसली. मग त्याने कासव उलटं केलं. चिठ्ठी पिवळी पडली होती, पण अक्षर माझंच: 'राखदाणी, टवका गेलेली.'

"डेल्बर्ट, मी..."

"माहीत आहे," तो म्हणाला. "चर्चमधल्या बर्निसने त्याच आठवड्यात सांगितलं होतं. कोण्या परगावच्या माणसाने नेलं म्हणाली."

"अरे मेल्या! एकतीस वर्षं मी आतल्या आत कुढतेय! बोलला का नाहीस?"

"आधी राग होता. मग तू गाडी चालवायला लागलीस." त्याने कासव मोज्यात गुंडाळलं. "सांगितलं असतं, तर आली असतीस दर रविवारी?"

नसते आले. मी मटकन बाकावर बसले आणि चारचौघांत रडले. त्याने सँडविच काढून अर्धं माझ्या हातात दिलं.

"मग आता पुढच्या रविवारी?" त्याने विचारलं. माणूस घाबरला होता, आवाजच सांगत होता.

"आधी घरी चल," मी म्हटलं, "माझ्या गुडघ्यांना मलम चोळ. मग बघू."