पंधरावी काठी

खंडेनवमीला शेतकरी नांगर-विळे पुजतो, मेकॅनिक पाने पुजतो. आमच्या हर्सूलच्या घरात गोल्फच्या काठ्या पुजतात. हसा! देवगाव रंगारीचे आमचे पाहुणेही हसतातच. "काय रं, गोट्या खेळायची काठी पुजली का?" असं दरवर्षी कुणीतरी विचारतं आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं.

नवरा व्यावसायिक गोल्फ खेळायचा. टीव्हीवर दिसतो तो नव्हे, त्याच्या खालचा, आपल्या भागातला दौरा. या गावाहून त्या गावाला जायचं, उन्हातान्हात खेळायचं, बॅग आवरायची की पुढचं गाव. सासरे इथल्या मैदानावर गवत कापायला होते, त्यांच्या मागं फिरता फिरता पोरानं खेळ उचलला. लग्नानंतर त्याची बॅग वाहायला मी जाऊ लागले. "बायकोला हमाल केलं की," असं लोक म्हणायचे. म्हणेनात का! मला ते काम आवडायचं.

गेल्या वर्षी थोरल्या दिरांनी सगळ्यांसमोर त्याच्याकडून वदवून घेतलं. "या मोसमात कार्ड टिकलं तर खेळ, नाय टिकलं तर गुलमंडीतल्या माझ्या कापडाच्या दुकानावर बस." कार्ड म्हणजे पुढच्या वर्षी दौऱ्यावर खेळायची परवानगी. वर्षभरात जे वरचे येतील त्यांचीच ती टिकते. नवरा मान खाली घालून व्हय म्हणाला. मला तिथंच ओरडावंसं वाटलं होतं.

मग मोसमभर आम्ही जिवाचं रान केलं. नागपुरात तो तापानं फणफणला होता तरी खेळला. अहमदाबादेत वाऱ्यानं पार वाट लावली. पुण्यात मात्र हात असा बसला की शेवटच्या स्पर्धेत कट पार केला तरी कार्ड वाचत होतं. दोन दिवसांच्या खेळानंतर ज्यांचे फटके जास्त झाले ते घरी जातात, त्याला कट म्हणतात. आणि ही शेवटची स्पर्धा आमच्याच शहरात होती, दसरा झाल्या झाल्या.

बॅगेत चौदाच काठ्या चालतात. नवऱ्यानं उन्हाळ्यात नवा पटर घेतला होता, म्हणजे चेंडू भोकात ढकलायची आखूड काठी. जुना पटर घरीच असायचा, पण खंडेनवमीला तोही पुजला होता. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मी काठ्या मोजल्या, चौदा भरल्या, आणि बॅगेवर टोपडं चढवून ती दाराशी उभी केली. सकाळी आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूनं, ओवाळलं, लेकाच्या हातावर दही घातलं आणि आम्ही स्कूटरवर निघालो.

पहिले दोन होल झकास गेले. तिसऱ्याला मी पटर काढायला हात घातला तर हातात दोन आले. जुन्याला हळद-कुंकू लागलेलं, झेंडूची पाकळी चिकटलेली. लांब काठ्यांच्या मधी तो बुडून बसला होता.

मी तो परत खाली ढकलला. सोबतचे खेळाडू लांब होते, कुणाचंच लक्ष नव्हतं. मी हळूच म्हटलं, "अहो, गप राहा. मी टोपडं टाकते."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "नाय," म्हणाला, आणि सरळ हात वर करून पंचाला बोलावलं. या खेळात आपली चूक आपणच सांगायची असते म्हणे. अरे, असेल! पण समोर बायको उभी आहे, मागं दुकान उभं आहे, आणि हा हरिश्चंद्र स्वतःहून चार फटक्यांचा दंड मागून घेतो? मला त्या क्षणी ती काठी त्याच्याच पाठीत घालावीशी वाटली.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर आत्या दारातच. "काय रं, जुनी काठी कामी आली का? पुजलेलं हत्यार मागं ठिवून कुणी जातं व्हय? तू इसरला होतास. म्या घातली."

मी तोंड उघडलं, तर नवऱ्यानं माझा हात दाबला. "व्हय आई, लई कामी आली."

दुसऱ्या दिवशी तो जीव तोडून खेळला. कट एका फटक्यानं हुकला. फक्त एका! घरी आल्यावर त्यानं एवढंच सांगितलं की बॅगेत आमच्याकडून गडबड झाली, दंड बसला. आईला काठीचं कळू द्यायचं नाय, अशी मला शपथ घातली. झालं! बॅग कुणाकडं होती? सुनेकडं. मग काय, जो उठतो तो मला अक्कल शिकवतो. जाऊ म्हणाली, दीर म्हणाले, शेजारीण म्हणाली. मी दात-ओठ खात ऐकून घेतलं.

पुढच्या रविवारी दीर दुकानाचं ठरवायला आले, आणि आत्याही म्हणाल्या, "बॅग बाईच्या हाती दिली की असंच व्हायचं."

शपथ गेली चुलीत. मी सगळं ओकले. चौदा काठ्या, पंधरावी, चार फटके, सगळं.

मला वाटलं, आता रडतील. त्या रडल्या नाहीत. पदर खोचून उठल्या आणि लेकाच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"किती वर्सं पूजा मांडते मी? चौदाच लागत्यात, एवढं सांगाया तुमा दोघांच्या जिभंला काय झालं हुतं? मला येडी समजता? अन् त्या दिशी इचारलं तवा म्हणलास, कामी आली. गल्लीत घरोघर सांगून आले मी, माझ्या काठीनं पोराला हात दिला म्हणून!"

 दीर तेवढ्यात त्याला सोमवारपासून दुकानावर ये म्हणून सांगून निघाले.

सोमवारी तो गुलमंडीला निघाला, तेव्हा आम्हा दोघींपैकी कुणीच त्याला डबा भरून दिला नाय.