डोंगराचा प्रश्न

परवा ॲल्युमिनियमचा टोप घासताना त्या ओल्या धातूचा वास आला आणि दिघीच्या खाडीवरची माझी जुनी शाळा आठवली.

मी सातवीला खनिजं शिकवत होते. तांबडा दगड दाखवून म्हटलं, "हे बॉक्साइट. यातूनच तुमचे डबे, टोप होतात." बाहेर आमच्याच डोंगरावर खाण चालू होती, बाकांवर लाल धूळ बसत होती.

सुगंधा उभी राहिली. "बाई, डोंगर सपला का आमच्या झऱ्याला पानी कुठशी येल?"

"शाब्बास, छान प्रश्न!" मी म्हटलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. ती लाजून खाली बसली.

तिला शाबासकी नव्हे, उत्तर हवं होतं. पुढे झरा आटला, वाडी मुंबईला गेली, शाळा बंद पडली. डोंगराच्या जागी आता खड्डा आहे. पावसाळ्यात त्यात तांबडं पाणी साचतं. गुरंसुद्धा ते पीत नाहीत.