परक्या घरचं जातं

मी परभणी सोडली त्या दिवशी अण्णा, म्हणजे माझे वडील, मला पोहोचवायला स्टेशनवर आले आणि गाडी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. चहावाल्याशी मात्र त्याच्या मुलीच्या शाळेबद्दल भरपूर बोलले. गाडी सुटायच्या बेतात असताना त्यांनी खिडकीच्या गजांतून हात घालून माझ्या पिशवीची गाठ उगाच घट्ट केली आणि म्हणाले, "जाय माय. तिथंबी माणसंच राहतेत." एरवी ते शुद्ध बोलणारे मास्तर. त्यांच्या तोंडी घरची बोली आली की ते आतून हललेत असं समजायचं.

अण्णा शाळेत मराठी शिकवायचे आणि उरलेल्या वेळात सुफी संतांवर पुस्तकं लिहायचे. पातळ, पिना मारलेली पुस्तकं. उरुसात रेवड्यांच्या दुकानाशेजारी विकली जायची. न्हाव्याच्या दुकानात, एसटी कंडक्टरच्या पिशवीत ती सापडायची. लहानपणी अण्णा सारखे आजारी असत, तेव्हा त्यांची आई त्यांना दर गुरुवारी दर्ग्यात न्यायची. तिथल्या ऊदाच्या वासाचा माग काढत ते मोठेपणी एका म्हाताऱ्या मौलवींकडे फारसी शिकले. 'स्वतःला विसरणं' म्हणजे काय हे सांगताना त्यांनी एका पुस्तकात लिहिलं होतं की साखर चहात गेली की तिला शोधत बसू नये, चहा प्यावा. विद्वानांना हे फार बाळबोध वाटायचं. हिंदू असून तुम्ही हे का लिहिता, असं कुणी विचारलं की अण्णा म्हणायचे, "असं विचारतात म्हणूनच लिहितो."

हा सोपेपणा आपोआप आलेला नव्हता. दिवेलागणीनंतर ते लिहिलेलं मला वाचून दाखवायचे. मी शेंगा फोडत ऐकायची. छान आहे म्हणायला मनाई होती. मला फक्त एकच शब्द बोलायची मुभा होती: "म्हणजे?" तो आला की अण्णा त्या वाक्याखाली तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारायचे आणि दुसऱ्या दिवशी ते वाक्य नव्यानं लिहायचे. आई गेल्यावर आमच्या घरात बोलणं असं कमीच होतं, पण तो एक शब्द होता. तेवढ्यावर आमचं छान चाललं होतं.

मग मला कोयलीजवळच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली. बडोद्यात सुभानपुऱ्यात विमलमावशींच्या घरी वरची खोली मिळाली. लॅबमध्ये दिवसभर हिंदी, डबा खाताना गुजराती, साहेब आले की इंग्रजी. मराठी बोलायला मला रविवारची वाट पाहावी लागे. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलेत त्यांना हे सांगायला नको. आणि जे मागे राहिलेत त्यांना सांगून पटत नाही. त्यांना वाटतं, हिला पगार आहे, हिला काय कमी आहे? कमी काहीच नव्हतं. मी फक्त फार एकटी होते.

रविवारी अण्णा फोनवर वाचून दाखवायचे. नवं पुस्तक एका संत बीबीवर होतं. दूरदेशाहून तांड्याबरोबर आलेली बाई, एका अनोळखी गावात राहिली, दळता दळता देवाची गाणी रचली आणि परत कधीच गेली नाही. पण फोनवरचं वाचन काही रंगेना. तू कुठे अडलीस ते चेहरा दिसल्याशिवाय कळत नाही, असं ते म्हणायचे. एकदा म्हणाले, "तू आता माझ्या कामाची राहिली नाहीस. तुला सगळंच कळतं." हसून म्हणाले, पण मला ते लागलं. पुढे त्यांनी वाचणं थांबवलं, आणि मग लिहिणंही. विचारलं की म्हणायचे, डोळे साथ देत नाहीत. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं.

विमलमावशींचे आजोबा संस्थानात कारकून होते, त्यामुळे त्यांच्या घरात मराठी होती, पण शाळा सगळी गुजरातीत झालेली. 'म्हणजे'ऐवजी त्या 'एटले' म्हणत. दर शनिवारी मला खंडेराव मार्केटला भाजीला नेत आणि माझ्या घासाघिशीवर मनमुराद हसत. त्या दिवाळीत मला सुट्टी नव्हती. पाडव्याच्या संध्याकाळी मावशी घरापुढच्या ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या. त्यांचा मुलगा कॅनडात आहे. त्याचा व्हिडिओ कॉल नुकताच होऊन गेला होता. मी अण्णांनी पूर्वी पाठवलेली पानं घेऊन खाली गेले.

"वाच ने," मावशी म्हणाल्या. "मला झीणं अक्षर दिसत नाही, पण कान साबूत आहेत."

मी वाचलं. बीबीनं घरदार सोडलं, सगळं विसरली, आणि नव्या गावी पहाटे जात्यावर बसून गाऊ लागली. अण्णांचं ते सगळ्यात आवडतं पान होतं. मावशींनी हात वर करून मला थांबवलं.

"एटले? घर सोडून आली ने ती? मग जातं कोणाचं?"

मी पान पुन्हा चाळलं. अण्णांना हे सुचलं नव्हतं, मलाही नाही. मावशीच पुढे बोलल्या. जातं काय कोणी डोक्यावर घेऊन येतं? दुसऱ्याच्या घरी जावं लागलं असेल. त्या घरच्या बाईनं आत घेतलं असेल तेव्हा ना ती गायली. आपण लग्न होऊन इथे आलो तेव्हा सासूच्या चुलीला हात लावायला आपल्याला किती दिवस लागले, ते त्यांनी मग बराच वेळ सांगितलं.

मी तिथूनच अण्णांना फोन लावला आणि मावशींचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. पलीकडे कागदांची सळसळ ऐकू आली.

"थांब," अण्णा म्हणाले. "पेन्सिल घेतो."

त्यानंतरचा हिवाळा आमचा फार चांगला गेला. रविवारी फोन स्पीकरवर, मावशी ओट्यावर, मी पायरीवर. अण्णा वाचायचे, मावशी अडवायच्या. माझी जागा दुसऱ्या कुणाला मिळाली याचं मला थोडं वाईट वाटे, हे कबूल करते. पण अण्णा लिहीत होते. शेवटचं एक प्रकरण तेवढं उरलं होतं: बीबी परत का गेली नाही.

ते प्रकरण लिहायच्या आधी अण्णा गेले. झोपेतच गेले. परभणीचं घर आता भाड्यानं दिलंय. मागच्या खेपेला मी गेले तेव्हा भाडेकरूंनी मला पाहुण्यासारखं खुर्चीवर बसवून पोहे दिले. पोहे चांगले होते. पण कुठे बसायचं हे त्या घरात मला दुसऱ्यांनी दाखवावं, याचं फार रडू आलं. ते मी परतीच्या गाडीपर्यंत कसंबसं थोपवलं.

उरुसातल्या दुकानदाराचा निरोप आला की पुस्तकाची लोक विचारणा करताहेत. अपुरं पुस्तक छापायचं नाही, आणि अण्णांमागे ते पुरं करायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही. मी लिहायला बसले. मला लिहिता येत नाही, ऐकता येतं, तरी बसले. परक्या घरी दळणाऱ्या बाईला ते जातं कधी आपलं वाटलं असेल, एवढंच शोधत होते.

गेल्या रविवारी, फोनच्या वेळेला, मी पानं पिशवीत घालून खाली गेले. आता त्या वेळेला फोन येत नाही. मावशी ओट्यावरच होत्या, बाजूला माझ्यासाठी पाट मांडलेला. मी वाचलं. लिहिलं होतं की बीबीला घराची ओढ उरली नव्हती, म्हणून ती परत गेली नाही. वाक्य मला बरं वाटत होतं.

मावशींनी हात वर केला.

"एटले?"

मी पिशवीतून अण्णांची तांबडी पेन्सिल काढली आणि त्या वाक्याखाली रेघ मारली.