एच, ए, वाय

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझं एक गाव होतं. नकाशात शोधू नका, सापडणार नाही. देशोदेशीच्या मराठी माणसांचा तो ई-मेलवरचा गट. लिहायचो मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. गटाला आम्ही गाव म्हणायचो आणि मॉडरेटरला सरपंच. प्रत्येकाचं पत्र आधी सरपंचाकडे यायचं, त्याने वाचून पुढे सोडायचं. मुदत पाडवा ते पाडवा. पुढे राहायचं तर कौल घ्यायचा, ‘मान्य आहे का?’ उत्तर एका शब्दात, आहे किंवा नाही. बरोबरी झाली तर मुकाट्याने पायउतार व्हायचं.

त्या वर्षी सरपंच मी होते. आणि मला राहायचं होतं हो, अगदी मनापासून! नवीन पनवेलला येऊन वर्ष झालं तरी जिन्यात कुणी ‘काय, कशा आहात?’ विचारत नव्हतं. त्या गावात मात्र माझी वाट पाहिली जायची.

रविवारी दुपारी मी स्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासात जाऊन बसायचे. खाडीवरून वारा यायचा, खिडकीचा पडदा फुगायचा, मॉडेम किंचाळून गप्प व्हायचा आणि मी निघालेच! कुणाच्या अंगणात बर्फ पडत असायचा, कुणाच्या वाळवंटात ऊन. चेहरे नसलेली ती माणसं मला शेजारच्यांपेक्षा स्पष्ट दिसायची. शेजारच्या मशीनवर एक गृहस्थ एका बोटाने टाइप करत असायचे. त्यांच्याकडे मी कधी मान वळवून पाहिलं नाही.

पनवेलजवळच्याच गव्हाणहून एक जण मिठागरांवर लिहायचे. मिठावर ऊन पडलं की डोळे मिटूनही पांढरंच दिसतं, असं काहीबाही. वाचताना मला गुंगी यायची. पण माझा आगाऊपणा बघा! आपलं गव्हाण जगात शोभलं पाहिजे म्हणून त्यांच्या ‘आमी’चं ‘आम्ही’ करायचे, ‘नाय’चं ‘नाही’, ‘हाय’चं ‘आहे’. शिवाय वर ताकीद, शुद्ध लिहा.

पाडवा आला. कौल सरपंचाकडेच यायचा आणि मोजायचाही त्यानेच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! पण मी चोख मोजलं. अकरा आहे, अकरा नाही. आणि गव्हाणहून नुसती तीन अक्षरं: एच, ए, वाय.

कौलाच्या दिवशी नमस्कार-चमत्कार कसले करतात, म्हणून मी चिडले. तरी शिष्टाचार म्हणून उत्तर पाठवलं, ‘हॅलो, कसे आहात?’ मग बरोबरीचा निकाल लावून खुर्ची सोडली आणि घरी जाऊन रडले.

पुढच्या रविवारी शेजारचे गृहस्थ पडद्याकडे बघत मोठ्याने म्हणाले, “आरं, माजं मत गेलं कुठं?”

मी वळून पाहिलं. त्यांच्या पडद्यावर माझाच निकाल, कुणाचं मत काय त्या यादीसकट.

“तुम्ही गव्हाणचे?”

“हाय की.”

काखेत कळसा नि गावाला वळसा! मी कोण ते कसंबसं सांगितलं.

“बाई, तुमी इचारलंत मान्य हाय का. मी म्हनलो, हाय. आमची पत्रं आजवर कुनी येवढी बारकाईनं वाचली नव्हती. मंग दुसरं काय लिवनार?”

मला बसल्या जागी लाज वाटली. वर्षभर त्यांच्या ‘हाय’चं ‘आहे’ करणारी मी, एकटं ‘हाय’ समोर आलं तर ओळखू शकले नव्हते.

“आता लिवा ना गावाला, हाय म्हंजे आहे.”

नाही लिहवलं. वर्षभर सगळ्यांच्या चुका काढल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार? त्यांनी स्वतःची खुर्ची थोडी सरकवून मला पडदा दिसेल अशी केली. त्यानंतर रविवारी आम्ही शेजारी बसून वाचायचो.

पुढच्या पाडव्याला नव्या सरपंचांचा कौल आला, मान्य आहे का? मी शेजारी बसलेल्या गव्हाणच्या गृहस्थांकडे पाहिलं आणि एका बोटाने तीन अक्षरं दाबली. एच, ए, वाय.

लगेच उत्तर आलं, ‘हॅलो ताई, कशा आहात?’