पवनचक्कीखालचे साळवे सर

साळवे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते स्टाफरूमच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून मेलेली वटवाघळं मांडत होते. एकाचा पंख मुळापासून तुटलेला, दुसऱ्याला डोकंच नव्हतं. हसनाबादच्या शाळेत तो माझा पहिला दिवस.

"बसा, मॅडम," ते म्हणाले. "हे आपल्या कपाशीचे राखणदार. बोंडअळीचे पतंग खात्यात. पवनचक्कीच्या पात्यानं मारलेत."

सर विज्ञान शिकवत. जवळच्या टेकडीवर पवनचक्क्या याव्यात म्हणून ग्रामसभेत तेच भांडले होते. कोळसा जाळून किती दिवस काढणार, पुढची वीज वाऱ्याचीच, हे गावाला त्यांनीच पटवलं होतं. म्हणून खाली पडलेले जीव वेचणंही ते आपलंच काम समजत. रोज सकाळी टेकडी चढत, सापडेल ते वहीत लिहीत. त्यांची मागणी एवढीच होती की, दिवस मावळताना वारा मंद असतो आणि वटवाघळं बाहेर पडतात, तेवढा वेळ पाती थांबवावीत. "वाऱ्याचा दोष न्हाई, मॅडम," ते म्हणत. "आपली घाई मारून राह्यली त्यांला."

गावात मात्र पसरलं की साळवे सर पवनचक्क्या बंद पाडणार. टेकडीवर पहाऱ्याला असलेल्या राखणदारांना नोकरीची धास्ती पडली. त्यांच्यात सरांचा सख्खा भाचा होता, संजय.

एका सकाळी मेलेल्या वटवाघळांचे फोटो काढायला मीही सरांबरोबर गेले. चौघांनी वाट अडवली. संजयच्या हातात लोखंडी गज होता.

"मामा, किती दफा सांगितलं तुमाला?"

"पाती थांबली म्हणून तुझी नोकरी जात न्हाई, संजय. ऐक तर…"

पहिला घाव संजयनंच घातला. कोपराचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सर खाली पडल्यावर बाकीच्यांनी लाथा घातल्या, तोंडावर, बरगड्यांवर. एकानं मला धरून ठेवलं होतं. सरांच्या तोंडातून रक्ताबरोबर दात पडले, तरी एक जण मारतच होता. शेवटी संजयच त्याला ओढून बाजूला घेऊन गेला.

जालन्याच्या दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आला, तेव्हा सरांची बहीण, संजयची आई शांताबाई, खाटेजवळ उभी होती. "दादा, वळखीचे नव्हते म्हण. लेकरं लहान हायेत त्याची."

सरांनी खुणेनं हवालदाराला जवळ बोलावलं. मग सुजलेल्या तोंडानं त्यांनी चारही नावं सांगितली. पहिलं नाव भाच्याचं होतं.

संजय तुरुंगात गेला. शांताबाईंनी भावाचं तोंड पाहणं सोडलं. पवनचक्कीच्या कंपनीकडून चौकशीला आलेल्या साहेबांनी सरांची वही वाचली आणि वाऱ्याचा जोर कमी असेल तेव्हा सांजेला पाती थांबू लागली. मरणारी वटवाघळं खरंच कमी झाली. मी ते आनंदानं सांगायला गेले, तर सरांनी मलाच विचारलं, "त्याचं नाव सांगितलं ते बराबर केलं का मी?"

गेल्या उन्हाळ्यात सर हृदयविकारानं गेले. अंगणात बुद्धवंदना चालली होती. शांताबाई आल्या, पण फाटकाबाहेर उन्हातच उभ्या राहिल्या. मी त्यांना आत बोलवायला गेले. त्यांनी मान हलवली.

"मी न्हाई येत, बाई," त्या म्हणाल्या. "पर त्यांला सांगा, दादाला हळू उचला."