अंगठ्यांच्या रांगेतली सही

जयराम पगारेला मी ओळखतो ते त्याच्या सहीमुळं. मी वकिलाचा कारकून, रोज पन्नास सह्या बघतो. पण स्वतःचं, बापाचं नाव आडनावासकट वळणदार अक्षरांत लिहून खाली तारीख टाकणारा हा एकच. घराण्यात लिहायला शिकलेला तो पहिला.

नाशकातल्या एका छापखान्यात तो खिळे जुळवायचा. दारूवर भारी राग. फौजदारानं खांद्यावर हात ठेवून "समाजाचं काम आहे" म्हटलं, की गडी फुगायचा आणि बनावट गिऱ्हाईक होऊन हातभट्टीवाल्यांकडं जायचा. चार अड्डे पकडून दिले त्यानं, खोटं कशाला बोलू?

१९७८च्या मार्चात फौजदाराला केसेस कमी पडल्या. त्यानं रंगूबाईचं नाव काढलं. बाई जयरामच्याच वसाहतीतली. दारूचा धंदा सोडून दोन वर्षं झालेली, नुकतीच बालवाडीत मदतनीस म्हणून लागलेली. जयराम दोनदा गेला, दोनदा तिनं हाकललं. तिसऱ्यांदा हा पोट धरून ओट्यावर बसला. "औषधाला घोटभर पाहिजे, वहिनी." तिनं कुठूनशी बाटली आणून दिली, पैसे घेतले. मागोमाग पोलीस.

बक्षिसाचे दहा रुपये देताना हवालदार म्हणाला, "अंगठा दे, नाव कायबी सांग." खबऱ्यांची रीतच ती. हा भडकला. "अंगठे माझ्या बापानं दिले. मी सही करणार!" आणि केली की, तारखेसकट. शहाणा! हवालदारानं न बघताच पावतीपुस्तक मिटलं.

शिक्षा झाली तर कामावरून काढू, असं बालवाडीनं रंगूबाईला सांगितलं. ते कानावर येताच जयराम आमच्या ऑफिसात आला. "तिनं विकली नाही, मी विकायला लावली," म्हणाला. मी त्याला नाही नाही ते बोललो. संतापच आला होता. वकीलसाहेबांनी मात्र रंगूबाईच्या वतीनं खटला थांबवावा म्हणून अर्ज केला: पोलिसांनीच माणूस पाठवून, त्याला पैसे देऊन गुन्हा घडवून आणला. फौजदार म्हणे, आम्ही कुणाला पाठवलंच नाही. कोर्टानं पावतीपुस्तक मागवलं. अंगठ्यांच्या रांगेत एकच सही निघाली. "माझीच," जयराम भर कोर्टात म्हणाला. पुढच्या तारखेला सरकारी वकिलांनी खटला मागे घेतला.

त्या संध्याकाळी हुकमाची नक्कल द्यायला मी रंगूबाईकडं गेलो. जयरामही आला, पण उंबऱ्याबाहेर थांबला. एव्हाना त्याचा उद्योग अख्ख्या वसाहतीला कळला होता.

"कोर्टात खरं बोललात, बरं केलंत, भाऊजी," ती म्हणाली. "केस थांबली. पण आता दारात कुणी पाणी मागितलं, तरी मी आधी त्याचं तोंड न्याहाळते. ते थांबवायला कुठं अर्ज करू?"